खडवलीच्या गृहस्थांचं पोट

सरांचा वर्ग दोन शब्दांनी सुरू व्हायचा. "हात चोळा."

नमस्कार नाही, "आवाज येतोय का" नाही. मोबाइलच्या पडद्यावर वीस चौकटींत आम्ही वीस जण बसलेलो असायचो. कुणी गॅलरीत, कुणी ओट्याला टेकून, कुणी कपाट आणि पलंग यांच्या मधल्या फटीत. एकविसाव्या चौकटीत छताचा पंखा फिरत असायचा. तो पंखा म्हणजे सर. पंख्याखालून आवाज यायचा आणि आम्ही तळव्यावर तळवा घासायला लागायचो. पुरतं एक मिनिट. कुणी आळस केला की पंखा म्हणायचा, "बोटांची टोकं राहिली, बदलापूर."

आईला पहिला आठवडाभर वाटत होतं की कॉलेजनं योगासनं ठेवलीत.

बदलापूर हे कुणाचं आडनाव नव्हे. सर आम्हाला नावानं हाक मारत नसत, राहत्या गावानं मारत. आमचा वर्गप्रतिनिधी कळव्याचा, म्हणून तो कळवा. एक मुलगी मुंब्रा. डोंबिवलीच्या आम्ही दोघी होतो, म्हणून ती डोंबिवली पश्चिम आणि मी डोंबिवली पूर्व. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांच्याबद्दलच्या बऱ्याच गोष्टी मला सांगता येणार नाहीत. चिडून लिहायला बसावं तर मध्येच त्यांचं काहीतरी पटतं, आणि कौतुक करावं तर तेवढ्यात मुंब्रा आठवते.

पोट तपासण्याआधी डॉक्टरनं हात गरम करावेत, हे आम्हाला ठाऊक होतं. पुस्तकात आहे. तोंडी परीक्षेत विचारतात. पण पोट होतं कुठे? ज्या वर्षी आम्ही पहिल्यांदा वॉर्डात जाऊन माणसं तपासणार होतो, त्याच वर्षी टाळेबंदी लागून सगळं बंद झालं. वॉर्डातली ती कामगिरी, जिला आम्ही पोस्टिंग म्हणतो, फोनवर आली. कॉलेजनं एक सॉफ्टवेअर आणलं. त्यात एक गुलाबी, गुळगुळीत माणूस पलंगावर पडलेला असायचा. त्याच्या छातीवर बोट टेकवलं की छातीचा आवाज, पोटावर टेकवलं की पोटाचा.

सरांनी तो माणूस एकदाच पाहिला.

"ह्यांचं गाव कुठलं?" त्यांनी विचारलं.

"सर, ते दिलेलं नाही," कळवा म्हणाला. "वय आहे. छप्पन्न."

"मग हे येतात कुठून? घरी कोण आहे? रुग्णालयात कुणी आणलं ह्यांना?"

"सर, ते सॉफ्टवेअर आहे."

"मग त्याला बरं करायला इंजिनिअर बोलवा," सर म्हणाले, आणि तो गुलाबी माणूस पुन्हा आमच्या वर्गात आला नाही.

इतर विभागांच्या मुलांना निदान तो तरी होता. आम्हाला डबे मिळाले.

एका सोमवारी सरांनी सांगितलं, घरातला तांदळाचा किंवा पिठाचा डबा घ्या, डोळे मिटा, डाव्या हाताचं मधलं बोट डब्यावर टेकवा आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर वाजवत खाली या. रिकामं वाजतं तिथून भरलेलं वाजेपर्यंत. जिथं आवाज बदलला तिथं रबरबँड लावा. मग झाकण उघडून बघा. छातीत पाणी साठलं की डॉक्टर ते असंच शोधतो, हे खरं आहे. पण महिनाभर? आमच्या घरातल्या एकूण एक डब्याला रबरबँड लागलं. शेवटी आई म्हणाली, "डॉक्टर होतेयस का वाण्याच्या दुकानात लागलीयस?" बाबा हळूच म्हणाले, "डाळ संपत आलीय हे तरी आता न उघडता कळतं."

आणि मग नाडी. सर हजेरी घेत नसत, नाडी घेत. प्रत्येकानं स्वतःची नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची आणि आकडा सांगायचा. बहात्तर सांगणारा गैरहजर. "बहात्तर पुस्तकात असते, माणसात क्वचित." पुढे त्यांनी दुसरा कायदा काढला.

"कळवा?"

"शहात्तर, सर."

"चारानं भाग जातो. पंधरा सेकंद मोजलीस आणि चारानं गुणलंस. गैरहजर."

कळवा खरोखरच तसं करत होता. आम्ही सगळेच करत होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात एकाहत्तर, त्र्याऐंशी, एकोणऐंशी, सत्याहत्तर असे आकडे आले. सरांचा आवाज खुलला. "आज अख्ख्या ठाणे जिल्ह्याची नाडी विषम आहे," ते म्हणाले, आणि सगळ्यांना हजर केलं.

सगळ्यांना म्हणजे मुंब्रा सोडून. मुंब्रा रोज पूर्ण मिनिट मोजायची आणि तिची नाडी खरोखर ऐंशी, चौऱ्याऐंशी अशी यायची. तीन दिवस ती गैरहजर लागली. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "सर, मी पूर्ण मोजते. खरंच मोजते."

"माहीत आहे मला," पंखा म्हणाला.

"मग?"

"मग मोजत राहा."

ह्याला काय म्हणायचं? खोटं बोलणारे एकोणीस हजर आणि खरं मोजणारी एकटी गैरहजर! मी त्या दिवशी फोन बंद केला आणि पत्रक लिहायला बसले. आमच्या घरात ती सवयच आहे. बाबांच्या कारखान्याच्या गेटवर वाटलेल्या पत्रकांवरच मी वाचायला शिकले, आणि अन्याय दिसला की आधी मथळा सुचतो. मथळा होता: "पडद्यावर पोट दाबता येत नाही!" खाली मागण्या. ही पोस्टिंग वॉर्डात पुन्हा घ्या. न तपासलेल्या रुग्णांची खोटी प्रमाणपत्रं आम्हाला देऊ नका, आम्ही ती घेणार नाही. हजेरीत न्याय करा. आणि शेवटून दुसरं वाक्य: "हवेत हात चोळायला लावणं म्हणजे वैद्यकीय शिक्षण नव्हे." ते लिहिताना मला फार आनंद झाला होता.

पत्रक फोनाफोनी सगळीकडे फिरलं. सरांपर्यंतही गेलं असणार. दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू झाला. "हात चोळा," पंखा म्हणाला. बाकी काही नाही.

त्याच आठवड्यात सर वॉर्डातून बोलले. पंखा नव्हता, पांढऱ्या चादरीचा कोपरा होता आणि फोन सिस्टरच्या हातात असल्यानं हलत होता. खाटेवर एक वयस्क गृहस्थ होते. सर पेशंटला पेशंट म्हणत नसत, गृहस्थ किंवा बाई म्हणत. हे गृहस्थ खडवलीच्या पलीकडच्या एका पाड्यावरून आले होते. हिवतापानं त्यांची पांथरी वाढली होती. पांथरी म्हणजे डाव्या बरगडीखालचा तो अवयव, जो धडधाकट माणसात बोटांना लागत नाही आणि वाढला की लागतो. पुस्तकात त्याच्यावर दोन पानं आहेत.

"काका, हे वीस डॉक्टर तुम्हाला बघायला आलेत," सर म्हणाले.

"कुठं हायत?"

"ह्या फोनात."

गृहस्थांनी फोनाला नमस्कार केला. आम्ही वीस जणांनी आपापल्या घरात हात जोडले. मग त्यांनी जरा वाट पाहिली आणि विचारलं, "आन हात कोन लावनार?"

वीस चौकटींतले जोडलेले हात तसेच राहिले. सर म्हणाले, "सिस्टर, द्या इकडे." पडदा गरगरला आणि काळा झाला. सरांनी फोन पालथा करून गृहस्थांच्या पोटावर ठेवला होता. वीस चौकटींत वीस चेहरे, आणि एकविसावी पूर्ण काळी. तिच्यातून गुरगुर ऐकू येत होती, मध्येच श्वासाबरोबर कापडाची सळसळ. हे किती वेळ चाललं कोण जाणे. कळव्यानं मला सरांबद्दल वेगळा निरोप टाकला: "म्हातारा सटकलाय."

"काय दिसलं?" सरांनी विचारलं.

"काही नाही, सर."

"काय लागलं हाताला?"

"काही नाही."

"काय ऐकलं?"

"पोटाचा आवाज."

"तेवढंच लिहा."

मला वाटलं, ही माझ्या पत्रकाची टवाळी आहे. मग वाटलं, हे माझंच पत्रक आहे, माझ्यापेक्षा चांगलं लिहिलेलं. दोन्ही एकदम वाटलं आणि मी वही मिटून बसले.

आता अडचण इथून सुरू झाली. आमच्याकडे लॉगबुक नावाची वही असते. तपासलेल्या प्रत्येक रुग्णाची त्यात एक ओळ, पुढे शेरा, पुढे शिक्षकाची सही. त्या पोस्टिंगचे बारा रुग्ण होते, सगळे असेच फोनवर भेटलेले. वही पूर्ण नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. कार्यालयाला शेरा हवा होता "स्वतः तपासले". सगळ्या विभागांनी तो निमूट दिला. सरांनी आमच्या वीसही वह्यांत प्रत्येक ओळीपुढे आपल्या हातानं लिहिलं: "ऐकले." कार्यालयानं वह्या परत केल्या. कोरी पानं लावा, नीट शेरे आणि सह्या आणा, नाहीतर ही बॅच परीक्षेला नाही.

कळव्यानं आम्हा सगळ्यांना फोनवर एकत्र घेतलं. "कुणीतरी जाऊन त्यांना समजवा," तो म्हणाला. "तू जा, पूर्व. तुझं ते ऐकतात."

"माझं? मी त्यांच्याविरुद्ध पत्रक काढलं!"

"म्हणूनच. बाकीच्यांचं तर त्यांनी वाचलेलंही काही नाही."

मुंब्रा म्हणाली, "माझे अब्बू म्हणतात, एक वर्ष गेलं तर पुढचं बघू नाही शकणार." एवढंच म्हणाली. मी वीस वह्या पिशवीत भरल्या आणि गेले.

सरांचा दवाखाना नौपाड्यात पहिल्या मजल्यावर होता. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले, कारण थांबले असते तर परत फिरले असते. आवाजावरून मी उंच, रुंद माणूस धरून चालले होते. खुर्चीत एक लहानखुरे, मोठ्या कानांचे गृहस्थ बसले होते आणि त्यांचा हात एका आजींच्या मनगटावर होता. टेबलावर फोन उताणा पडलेला. वर तो पंखा. मला जुनी ओळख निघाल्यासारखं झालं, पण ओळख पंख्याशी होती.

"सर, तुम्ही रोज असा फोन ठेवायचात? हात मोकळे राहावेत म्हणून?"

"नाही गं. फोन उभा कसा ठेवतात ते मला माहीत नव्हतं." मग माझ्याकडे पाहून, "डोंबिवली पूर्व. नाडी?"

मी मोजली. पूर्ण मिनिट. "एकशे बारा."

"चारानं भाग जातो," सर म्हणाले. "पण जिना चढताना ऐकलं मी. हजर."

मी वह्या काढल्या आणि बोलायला सुरुवात केली. त्यांनी खण उघडला. आत माझं पत्रक होतं, कुणाकडून तरी कागदावर छापून घेतलेलं, चार घड्यांचं. "आधी हे वाच. मोठ्यानं. आजींना ऐकू कमी येतं."

मी वाचलं. मथळा, मागण्या, सगळं. "खोटी प्रमाणपत्रं आम्हाला देऊ नका, आम्ही ती घेणार नाही" हे वाक्य मी घाईनं म्हटलं, तर सर म्हणाले, "परत. हळू." हात चोळण्याचं वाक्य आलं तेव्हा ते खिडकीकडे बघत होते.

आजी खूश झाल्या. "बरोबर लिहिलंय हो पोरीनं. चांगलं लिहिलंय. मग आता काय मागायला आलीये?"

मी पत्रकाची घडी घातली. उत्तर मला द्यायचं होतं.

"खोटी सही," मी म्हटलं.

मला वाटलं, आता मला हाकलतील. आजी हसल्या. "अहो, मग द्या की डॉक्टर! पोरांचं वर्ष का घालवताय? तुमचं काय जातंय?"

मी सरांकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हणावं असं मला त्या क्षणी फार वाटत होतं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी तिथं जोरात भांडले असते, हरले असते आणि घरी ताठ मानेनं गेले असते. सर म्हणाले, "आजी म्हणताहेत तर देतो."

"सर?"

"शेरा तू लिही. पत्रक एकटीनं लिहिलं होतंस ना? हेही एकटीनं लिही. वाक्य तुझं, सही माझी."

बाजूच्या बाकावर बसून मी लिहायला लागले. स्वतः तपासले. स्वतः तपासले. वीस वह्या, प्रत्येकीत बारा ओळी. माणसं येत होती, खोकत होती, जीभ दाखवून जात होती. सर प्रत्येकाला आधी गाव विचारत होते. बोटं दुखायला लागली तेव्हा मी थांबून मनात हिशोब मांडला: मुंब्राचं वर्ष एका बाजूला, एक वाक्य दुसऱ्या बाजूला. हिशोब लागत नव्हता. मी पुढे लिहीत राहिले. एकोणीस वह्यांत खडवलीच्या गृहस्थांपुढेही लिहिलं. शेवटची वही माझी होती. तिच्यात अकरा ओळी लिहिल्या आणि गृहस्थांच्या ओळीपाशी हात अडला. "आन हात कोन लावनार?" ती एक जागा मी कोरी सोडली.

ह्यात मला काही शौर्य दिसत नाही. एकोणीस जणांच्या नावानं तेच खोटं मी लिहून बसले होते. स्वतःपुरती एक स्वच्छ ओळ ठेवली, एवढंच. ते बरोबर होतं की नुसतं मानभावी, हे मी कुणाला विचारलं नाही.

सरांनी सह्या केल्या. एकही पान वाचलं नाही. निदान मला तरी तसं दिसलं.

कार्यालयानंही वाचलं नाही. वीस विद्यार्थ्यांचे शेरे एकाच अक्षरात होते, एका वहीत एक ओळ कोरी होती, आणि सगळं मंजूर झालं. मी दोन महिने घाबरून होते, मग घाबरायचं कारण नाही हे कळल्यावर संताप आला. खोटंही कुणी वाचलं नव्हतं आणि खरंही. आम्ही परीक्षा दिली, पास झालो. मुंब्रा वर्गात दुसरी आली. तिला मी एकदा विचारलं, सरांचा राग येतो का? ती म्हणाली, "यायचा. पण नाडी मोजायला लागले की आता मी घड्याळ सोडून काहीच बघत नाही." मग म्हणाली, "म्हणजे येतोच राग." मला तिचं दोन्ही खरं वाटलं.

त्यानंतर वॉर्ड उघडले, आमची पोस्टिंग दुसऱ्या विभागांत लागली आणि सर जिन्यात वगैरे दिसायचे तेवढेच. दिसले की "डोंबिवली पूर्व" म्हणायचे आणि निघून जायचे.

इंटर्नशिपच्या वर्षी, शीळफाट्यावर बसची वाट बघत होते तेव्हा फोनवर त्यांचा निरोप आला. "पुरुष वॉर्ड, बेड चौदा. वही आणि हात घेऊन ये."

वही? ती कोरी ओळ त्यांना माहीत होती. म्हणजे वाचलं होतं. कधी? मी रिक्षानं परत घरी गेले, कपाटातून वही काढली आणि तशीच रुग्णालयात पोचले.

बेड चौदावर खडवलीचे गृहस्थ आडवे होते. आजारी नव्हते. त्यांची मेहुणी बायकांच्या वॉर्डात होती, तिला डबा द्यायला आले होते आणि व्हरांड्यात सरांनी त्यांना ओळखून धरून आणलं होतं.

"पन मना काय झालंय काय?" ते विचारत होते.

"तुम्हाला काही नाही, काका. हिचं एक काम राहिलंय." सर माझ्याकडे वळले. "ह्यांना ओळखलंस?"

ओळखलं म्हणजे काय! मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी मला नीट न्याहाळलं. "फोनातली काय गं तू?"

"हो काका. पोट तपासू का?"

"तपास की. मी झोपलोच हाय."

मी शर्ट वर करायला सांगितला, गुडघे वाकवायला सांगितले. उजवीकडे खालून सुरुवात करायची आणि तिरकं डाव्या बरगडीकडे सरकायचं. पुस्तकातली दोन्ही पानं मला पाठ होती. तीन वर्षं ही ओळ मला टोचत होती आणि आता ती भरणार होती. मी हात टेकवला.

गृहस्थ ताडकन आक्रसले. पोट पाटीसारखं कडक झालं. "आये! केवरा गार हात हाय तुजा!"

वॉर्डाचा एसी, बाहेरची घाई, भीती, काहीही असेल. मी हात चोळले नव्हते. वर्षभर रोज हवेत चोळलेले हात, समोर पोट आल्यावर चोळले नव्हते.

मी हात मागे घेतला. गृहस्थांना वाईट वाटलं असावं, माझी समजूत काढावी म्हणून ते म्हणाले, "तो फोन बरा व्हता बाय. फोन गरम व्हता."

सर हसले नाहीत. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही, तरी हसले नाहीत हे मला माहीत आहे. मी बाजूला उभी राहून हात चोळायला लागले. तळवे, बोटं. शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बघायला लागला. मग मी पुन्हा हात टेकवला. ह्या वेळी पोट मऊ राहिलं. "श्वास घ्या, काका. सोडा. पुन्हा घ्या." डाव्या बरगडीपर्यंत गेले. बोटांना काही लागलं नाही. दुसऱ्यांदा गेले. काही नाही.

"लागत नाही, सर."

"नाहीच लागणार. बरे झालेत ते कधीच."

म्हणजे ती पांथरी मला आता कधीही लागणार नव्हती. गृहस्थ ठणठणीत होते आणि मला रडू येत होतं, आणि त्यातलं किती आनंदाचं आणि किती ओळ हुकल्याचं, हे मला कळत नव्हतं.

"लिही," सर म्हणाले.

मी वही उघडली. त्या कोऱ्या जागेत लिहिलं: "हात लावला. पांथरी लागली नाही. पहिल्या वेळी हात गार होते." वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी खिशातून चष्मा काढला, तो पुसला आणि ओळ वाचली. मग पुन्हा वाचली.

"बोटांची टोकं?" त्यांनी विचारलं.

मी माझी बोटं गालाला लावून पाहिली. "ती राहिली, सर. अजून गार आहेत."

त्यांनी सही केली.